खोल बाजूचे आकडे

१

पेटीवरची लाख शाबूत होती, फीत शाबूत होती, आणि कुलूप तर गंजानं इतकं धरलं होतं की बांधणीवाल्या काकांना कानस लावावी लागली. तरीही झाकण वर झालं तेव्हा जी वही बघायला आम्ही सहा जण श्वास रोखून उभे होतो, ती आत नव्हती.

मेणकापडाच्या घडीतून निघालं ते जलतरणाच्या नियमांचं एक जुनं, जाडजूड पुस्तक. वजन साधारण तेवढंच. दरवर्षीच्या तपासणीत पेटी उचलून ठेवणाऱ्याला शंका येऊ नये, असं.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता, पण टेबलाची कड त्यांनी अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली.

बांधणीवाल्या काकांनी पुस्तक झटकून पाहिलं.

आमचं ग्रंथालय फक्त खेळांचं आहे. नियमांची पुस्तकं, गुणपत्रकं, जुन्या संघांची छायाचित्रं, शर्यतींच्या फिल्मा, खेळाडूंच्या सरावाच्या डायऱ्या. भाल्याचं वजन कोणत्या साली बदललं, आपले आजोबा खरंच त्या संघात होते की नुसत्याच बाता मारायचे, असले प्रश्न घेऊन लोक येतात, पत्रं लिहितात. उत्तरं शोधून देणं हे माझं काम. चौकशीच्या टेबलावर मला सतरा वर्षं झाली.

डॉक्टरांचं पत्रही असंच आलं होतं, वर्षभरापूर्वी. त्या दातांच्या डॉक्टर. त्यांची आई लांब पल्ल्याची पोहणारी. हात इतके भराभर फिरायचे की सगळे तिला 'भिंगरी' म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी मोठा जलाशय पार करण्याच्या शर्यतीत ती बुडाली. डॉक्टर तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. 'त्या दिवसाबद्दल काहीही असेल तर कळवा,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

मी शोधलं. चौकशीचा अहवाल मिळाला. त्यात म्हटलं होतं की, वेग मंदावल्याची कल्पना तिला वेळोवेळी दिली होती, तिनं हट्टानं बाहेर यायला नकार दिला, आणि नावेतल्या नोंदी पाण्यात गेल्या. मग जुन्या पावत्यांच्या फायलीत दुसरा एक कागद हाती लागला. अहवालानंतर तीन महिन्यांनी भिंगरीच्या प्रशिक्षकांनी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, एक मोहोरबंद पेटी आमच्याकडे ठेवली होती. चाळीस वर्षं उघडायची नाही या अटीवर. पावतीवर लिहिलं होतं: 'नावेतील नोंदींची वही, एक.'

म्हणजे पाण्यात गेलेली वही कोरडी होती.

आज चाळीस वर्षं पुरी झाली होती आणि पेटीत वही नव्हती. मोठ्या सरांचा मुलगा, जलतरण संघटनेचा कार्यवाह, हातातली चामडी बॅग या हातातून त्या हातात घेत उभा होता. आमच्या ग्रंथपालबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आणि माझी आत्या खाली वाकून लाखेचे तुकडे एकेक करून रुमालात गोळा करत होती.

"आत्या, कचरा कशाला उचलतेस?"

"कचरा होय रे?" ती म्हणाली. "सांभाळून ठेव. बोलणारी वस्तू आहे."

२

आत्यानं तीस वर्षं जलतरणात पंचाचं काम केलं. गुडघे गेले तेव्हा शिट्टी सुटली, पण नजर काही सुटली नाही. आता रोज डबा घेऊन माझ्याबरोबर ग्रंथालयात येते आणि जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं शोधून मागे लिहिते. कोणी हात चुकीचा टाकलाय हे ती पन्नास वर्षांपूर्वीच्या फोटोतही सांगते.

ग्रंथपालबाईंनी तिलाच विचारलं. "पोलीस बोलवायचे तर बोलवू. पण त्याआधी तुम्ही बघा, आत्या. तुमच्या नजरेतून सुटत नाही."

मला तेव्हा बाईंचं कौतुक वाटलं. महिनाभरात निवृत्त होणार होत्या आणि जाताजाता हा डाग.

आमची इमारत म्हणजे जुना, बंद पडलेला पोहण्याचा तलाव आहे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो. कपाटं थेट तलावाच्या टाकीत उभी आहेत, पांढऱ्या फरशीवर. भिंतीवर खोलीचे आकडे अजून तसेच आहेत. उथळ बाजूकडून चालत निघालं की जमीन उतरत जाते, फरशीचा गारवा पायांतून वर चढतो, आणि खोल बाजूला पोचेपर्यंत डोक्यावर दीड पुरुष भिंत असते. तिथे कोणी खोकलं तर आपल्याच कानात खोकल्यासारखं वाटतं. भिंगरी याच तलावात शिकली होती.

बांधणीवाल्या काकांची खोली म्हणजे पूर्वीची कपडे बदलायची खोली. आत्या त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"काका, तुम्ही या पेटीला कधी हात लावला होता?"

"आत्या, मी त्या बाजूला जातच नाही," काका म्हणाले. खळीचा ब्रश त्यांनी तीनदा पुसला. "तुम्ही हसाल. पण तिथे ती येते."

"कोण?"

"तीच. पोहणारी. गुरुवारी दुपारी वाचनकक्ष बंद असतो ना, तेव्हा. खालून बाईचा आवाज येतो. मोजत असते. बासष्ट म्हणते. मग बराच वेळ काही नाही. मग अठ्ठावन्न. मग चोपन्न. आकडा उतरतच जातो हो." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आधीचा शिपाई त्यापायीच नोकरी सोडून गेला. मी आपला दार लावून घेतो आणि पुस्तकं शिवत बसतो."

"नेमके हेच आकडे? पंचावन्न, एकसष्ट असं काही नाही?"

काका विचारात पडले. "नाही. इतक्या वर्षांत नाही ऐकलं."

आत्या उठली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुझा विश्वास बसला?"

"आवाजावर बसला," ती म्हणाली. "उद्या गुरुवार. माझ्या गुडघ्यांना टाकीत उतरायची शिडी झेपणार नाही. तू खाली जा."

"मी?"

"अरे, सतरा वर्षं लोकांना उत्तरं शोधून देतोस ना? एकदा स्वतःसाठी शोध."

३

गुरुवारी सकाळी आत्यानं डॉक्टरांना गाठलं. पेटीत वही निघाली नाही तरी त्या परत गेल्या नव्हत्या. बाईंनी त्यांना खास परवानगी दिली होती आणि त्या भिंगरीची कात्रणं वाचत बसल्या होत्या.

"तुम्हाला त्या वहीत काय हवं होतं?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरांनी कात्रणांवरून नजर उचलली नाही. "लांबच्या शर्यतीत पोहणाऱ्याला मधूनमधून पेज देतात. तेव्हा ती जे बोलते ते नावेतला माणूस लिहून घेतो, खरं ना?"

"खरं. भान शाबूत आहे का ते कळावं म्हणून."

"माझ्याकडे आईचे अकरा फोटो आहेत. तिचं एक वाक्यही नाही." त्यांनी एक कात्रण उलटलं. "आजी म्हणायची, तुझी आई हट्टापायी गेली. ये म्हणत होते तरी आली नाही. घरी दोन वर्षांची मुलगी असताना. चाळीस वर्षं मी तिच्यावर रागावलेली आहे. निदान ती काय बोलली ते तरी कळू दे."

आत्या नुसतीच त्यांच्या हातावर थोपटून उठली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी टाकीत उतरलो आणि मधल्या रांगेत, कुस्तीच्या पुस्तकांमागे जाऊन बसलो. वरच्या काचांतून भरपूर ऊन येत होतं, पण ते फरशीपर्यंत पोचता पोचता पाण्यासारखं फिकट होत होतं. पंधरा मिनिटं गेली. वीस. भिंतीतल्या जुन्या नळात कुठेतरी हवा गुरगुरली.

आणि मग माझ्या कानाशीच कुणीतरी म्हणालं, "चौसष्ट."

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. आवाज चारही भिंतींतून येत होता. बाईचा, दबका, पण स्पष्ट. नावेतून पाण्यावर हाक मारावी तसा.

"बासष्ट."

उठावं असं वाटत होतं आणि पाय उठत नव्हते.

"चोपन्न... अठ्ठेचाळीस." बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, विनवल्यासारखं, "चव्वेचाळीस. खरे चव्वेचाळीस."

त्या 'खरे' शब्दानं मला हलवलं. मी धावलो. उतारावर पाय घसरला, कपाटाला खांदा आपटला, तसाच खोल बाजूला पोचलो. तिथे कोणी नव्हतं. भिंतीला लागून वर सज्जाकडे जाणारी लोखंडी शिडी होती, तलावाच्या काळातली.

मी तिच्यावर हात ठेवला. शिडी अजून थरथरत होती.

४

"म्हणजे पाय असलेलं भूत आहे," आत्या म्हणाली, आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"आवाज ओळखू नाही आला, आत्या. त्या फरशीत सगळ्यांचाच आवाज परका होतो. पण बाईचा होता. आणि आज इमारतीत बायका म्हणजे तू, डॉक्टर, आणि... ग्रंथपालबाई तर गुरुवारी दुपारी संघटनेच्या बैठकीला जातात."

"म्हणजे डॉक्टर?"

"त्या इथे येऊन जेमतेम दोन दिवस झालेत. काका कितीतरी वर्षं ऐकतायत."

"हं," आत्या म्हणाली. "आणि खरे चव्वेचाळीस. खरे. हा शब्द मला झोपू देणार नाही बघ."

शुक्रवारी सकाळी आम्ही संघटनेच्या कार्यालयात गेलो. कार्यवाहांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. साठीच्या आतबाहेरचा, दमलेला माणूस. भिंतीवर मोठ्या सरांचा फोटो होता, गळ्यात घड्याळ, डोळे बारीक केलेले.

"तुम्ही मला चोर समजताय," ते म्हणाले. "पेटी उघडू नये असं मला वाटत होतं, हे मी लपवत नाही. नव्या प्रशिक्षण केंद्राला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. अशा वेळी जुनं उकरून कुणाचं भलं होणार?"

"बॅग रिकामी आणली होती तुम्ही," आत्या म्हणाली.

कार्यवाहांनी खणातून एक कागद काढून पुढे ठेवला. मोठ्या सरांनी पेटी देताना केलेला करार. शेवटचं कलम होतं: मुदत संपल्यावर पेटीतील वस्तू ठेवणाऱ्याच्या वारसास हवी असल्यास परत नेता येईल.

"माझा हक्क होता," ते म्हणाले. "मी ती घरी नेणार होतो. वाचली असती की जाळली असती, मलाच ठाऊक नाही."

"तुमचे वडील कधी काही बोलले?"

"ते पाण्याला घाबरायला लागले होते." ते फोटोकडे न बघता बोलत होते. "ज्यानं हजार पोरं पोहायला शिकवली तो माणूस शेवटी शेवटी बादलीत हात घालायचा नाही. आई ओल्या फडक्यानं अंग पुसायची. एकदा मला म्हणाले, फाडायला घेतली होती रे, पण त्या पोरीचं अक्षर बघून हात थांबला. कुठली पोरगी, विचारलं तर कूस वळवून पडले."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "बरं, काल तुमची बैठक कशी झाली? आमच्या ग्रंथपालबाई आल्या असतील."

"काल?" कार्यवाहांनी भुवया उंचावल्या. "बैठक महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते. गुरुवारची बैठक बंद होऊन सहा वर्षं झाली."

५

परतताना मी रस्ताभर वाद घालत होतो. "आत्या, बाई तसं करणार नाहीत. एक कात्रण जागेवर नसलं तर त्यांना जेवण जात नाही. दर वर्षीच्या मोजणीत आमचं हरवलेलं पुस्तक शून्य असतं, शून्य!"

"म्हणून तर म्हणते," आत्या म्हणाली. "मला तुमच्या मोजणीची वही दाखव. तलावात आलात त्या वर्षीची."

ती वही माझ्याच कपाटात होती. बाईंच्या सुरेख अक्षरात. आत्यानं बोट ठेवलं. जुन्या जागेतून निघताना: एकतीस हजार चारशे बारा. नव्या जागेत लावून झाल्यावर: एकतीस हजार चारशे तेरा.

"एकही हरवलं नाही म्हणून त्या वेळी पेढे वाटले होते सगळ्यांना," मी म्हणालो.

"हरवलं नाही खरं. पण एक वाढलं कसं? स्थलांतरात पुस्तकं व्यालेली मी तरी ऐकली नाहीत."

मी पुन्हा आकडे पाहिले. अकरा वर्षं ही वही माझ्याकडे होती. कमी पडलं का, एवढंच आम्ही बघत आलो. जास्त झालं का, हे बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

"आता त्याच वर्षीच्या दाखलनोंदीतला शेवटचा क्रमांक काढ."

मी काढला. नोंद एका ओळीचीच होती.

आत्यानं ती वाचली, चष्मा काढला आणि पुसला. "बिचारी," ती म्हणाली. भिंगरीबद्दल म्हणाली की आणखी कुणाबद्दल, हे मला तेव्हा कळलं नाही.

"दुपारी सगळ्यांना वाचनकक्षात बोलाव," ती म्हणाली. "कार्यवाहांनाही. आणि मला एक कोरं मागणीपत्र दे."

६

सगळे लांब टेबलाभोवती बसले. बाई टोकाला, हात मांडीवर. काका दाराशी उभे, पळायला सोपं म्हणून असेल. आत्यानं रुमाल उघडून लाखेचे तुकडे टेबलावर जुळवले.

"यावर काय उठलंय?"

"आपलं बोधचिन्ह," काका म्हणाले. "तीन लाटा."

"हे चिन्ह कधीपासून?"

"तलावात आलो तेव्हापासून. आधी दोन वल्ही होती की." बोलता बोलता काका थांबले. "अरेच्चा!"

"पेटी चाळीस वर्षांपूर्वी बंद झाली आणि तिच्यावर अकरा वर्षांपूर्वीचं चिन्ह," आत्या म्हणाली. "लाख फुटलेली नव्हती, पण ती मूळची लाखच नव्हती. रोज तीन लाटा बघायची सवय, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. आत ठेवलेलं नियमांचं पुस्तक बघा. मागे रद्दचा शिक्का, तारीख स्थलांतराच्या महिन्यातली. म्हणजे वही तेव्हाच बाहेर निघाली. कार्यवाह, तुम्ही सुटलात. तेव्हा तुमचा इथे पायही नव्हता."

कार्यवाहांनी सुस्कारा टाकला.

"आता भुताकडे येऊ. काका, पोहणारी बाई स्वतःचे हात मोजत नाही. तिला कुठली सवड? मोजतो तो नावेतला माणूस, घड्याळ धरून. मिनिटाला किती हात पडतात ते. त्या काळी अर्धं मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायचे, म्हणून आकडा नेहमी सम यायचा. तुम्ही ऐकलेले सगळे आकडे सम आहेत. तेव्हा खाली येते ती भिंगरी नाही. ती नावेतली मुलगी आहे. अहवालात 'एक स्वयंसेवक' एवढाच तिचा उल्लेख आहे. आणि ती चांगली जिवंत आहे."

वरच्या काचेवर एक पाखरू चोच मारत होतं, तेवढाच आवाज.

"ती दर गुरुवारी बैठकीला जाते म्हणून सांगते, आणि बैठक नसते. तिच्याकडे शिक्का असतो. तिला पेटी उघडायचा अधिकार असतो, कारण जुन्या जागेत ओल आली होती आणि पेट्या तपासायच्या होत्या." आत्याचा आवाज मऊ झाला. "पण तिचं सगळं आयुष्य पुस्तकं जपण्यात गेलेलं. तिला एक पान फाडता येत नाही. मग वही ती कुठे ठेवेल?"

तिनं खिशातून मागणीपत्र काढलं आणि टेबलावरून बाईंच्या दिशेनं सरकवलं. त्यावर फक्त क्रमांक होता. एकतीस हजार चारशे तेरा.

बाईंनी तो वाचला. त्यांचा चेहरा बदलला नाही. वर्षानुवर्षं कुणी दार वाजवेल म्हणून जागा राहिलेला माणूस शेवटी कडी काढायला उठावा, तशा त्या उठल्या.

"मागणी आली की द्यायचं," त्या म्हणाल्या, आणि सज्जातल्या शिडीनं खोल बाजूला उतरल्या.

७

वही लहानशी होती. कॉलेजातल्या पोरी वापरतात तशी, निळ्या पुठ्ठ्याची. पाठीवर आमच्या ग्रंथालयाची चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. अकरा वर्षं ती उघड्या कपाटात उभी होती. सूचीत तिची नोंद होती: 'हातमोजणीची वही. हस्तलिखित. जलाशय शर्यत.' आम्ही सगळे पेटीकडे बघत बसलो आणि सूची उघडून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

"ही वही माझी आहे," बाई कार्यवाहांना म्हणाल्या. "मोठ्या सरांची कधीच नव्हती. पेटीत राहिली असती तर तुम्ही घेऊन गेला असता. कराराचं कलम मला पाठ होतं. दाखल केली की ती ग्रंथालयाची झाली. आता ती कुणाला नेता येत नाही."

"मग डॉक्टरांचं पत्र आलं तेव्हा का नाही दिलीत?" मी न राहवून विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत त्यांनी माझ्यापुढे नजर खाली घातलेली मी पाहिली नव्हती. "धीर झाला नाही. मागितली असती तर नाही म्हणाले नसते. पण आपण होऊन पुढे करायला... मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा. अजूनही या बाबतीत तेवढीच आहे."

त्या डॉक्टरांसमोर बसल्या. वही उघडली. पानावर दोन रकाने होते, पेन्सिलीनं आखलेले.

"हा पहिला रकाना मी मोजलेले हात. हा दुसरा, मी तिला ओरडून सांगितलेले."

डॉक्टर वाकून बघू लागल्या. मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सकाळभर दोन्ही रकाने सारखे होते. चौसष्ट, चौसष्ट. बासष्ट, बासष्ट. दुपारी एकनंतर पहिला उतरत गेला होता आणि दुसरा बासष्टवरच उभा होता.

"सर म्हणाले, खरा आकडा सांगितलास तर तिचा धीर सुटेल," बाई म्हणाल्या. "किनारा दिसत होता. पाणी गार झालं होतं. ती दर वेळी माझ्याकडे तोंड वर करायची आणि विचारायची, किती? तिचा सरांवर नव्हता तेवढा माझ्यावर विश्वास होता. आकडा पन्नासच्या खाली गेला की मी बाहेर येणार, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. सकाळी मी नावेत बसताना मला बजावून सांगितलं होतं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"बासष्ट."

"होते किती?"

"चव्वेचाळीस." बाईंचा आवाज टाकीतल्या आवाजासारखा झाला. "चौकशीच्या वेळी सर म्हणाले, गप्प राहा, तुझंच आयुष्य जाईल. मी गप्प राहिले. दर गुरुवारी खाली जाऊन खरे आकडे सांगते. ती तिथे शिकली होती. ऐकू जात असेल तर तिथेच जाईल."

काकांनी दाराची चौकट घट्ट धरली. कार्यवाह उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "केंद्राचं नाव मी थांबवतो," ते काचेकडे बघत म्हणाले. "तुम्ही वाचा. सगळं वाचा."

डॉक्टर कितीतरी वेळ त्या दोन रकान्यांवर बोट फिरवत होत्या, दुखरा दात शोधावा तशा, हलक्या हातानं.

"म्हणजे ती हट्टी नव्हती," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही हो. एवढी समंजस पोहणारी मी पाहिली नाही."

"ती येणार होती बाहेर."

"येणार होती. मी आणलं नाही तिला."

मला वाटलं, डॉक्टर आता ओरडतील, नाहीतर रडतील. त्यांनी पान उलटलं. समासात बारीक अक्षरात पेजेच्या वेळची बोलणी लिहिली होती. त्यांनी वही बाईंकडे सरकवली.

"पेन्सिल पुसट झालीय. तुमचं अक्षर आहे, तुम्हीच वाचा. आकडे नको. फक्त ती काय म्हणाली ते."

बाईंनी चष्मा नीट केला. "साडेनऊ. म्हणाली, पेज खारट झालीय, कुणी केली? मी केली होती." त्यांनी पुढची ओळ शोधली. "पावणेअकरा. म्हणाली, आता पोरगी उठली असेल. उठल्या उठल्या माझी उशी ओढते. तिला म्हणावं, संध्याकाळपर्यंत उशी तुझीच."

डॉक्टरांनी हाताचा पंजा तोंडावर दाबून धरला. आत्या पुढ्यातले लाखेचे तुकडे उगाचच सारखे करत राहिली.

"बाकीची उद्या," डॉक्टर म्हणाल्या. "एकदम सगळी नकोत. मी तुम्हाला माफ करायला आलेले नाही, बाई. जमेल की नाही सांगताही येत नाही. पण वाचायचं तुम्हीच."

"निवृत्त होईपर्यंत मी इथेच आहे," बाई म्हणाल्या.

"झाल्यावरही यावं लागेल." डॉक्टर पर्स उचलून उभ्या राहिल्या. "किती पानं आहेत अजून?"

बाईंनी अंगठ्यानं पानं चाळली आणि मान वर करून थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सोळा," त्या म्हणाल्या.